किल्लेदाराची कारकीर्द

दिवाळीची सुट्टी लागली, की आमच्या घाटकोपरच्या पंतनगरात मातीचे किल्ले उभे राहू लागतात. जुन्या इमारती पाडून तेथे नवे मनोरे उठत आहेत, अंगणे आक्रसली आहेत, माती गोणीतून विकत आणावी लागते. तरी पोरे किल्ला केल्याशिवाय राहत नाहीत. विटांच्या तुकड्यांवर पोते टाकायचे, त्यावर चिखल थापायचा, आळीव पेरायचे, आणि माथ्यावर सिंहासनाधिष्ठित महाराज बसवायचे. असाच एक किल्ला पाहत उभा असता आमच्या जिन्याखालचा एक चिमुरडा मला म्हणाला, "काका, हा दारातला मावळा कशाला हो? हा तर काहीच करत नाही. नुसता उभाच असतो!"

मी त्याला काहीतरी थातुरमातुर उत्तर दिले. परंतु घरी येऊन चहाचा पेला हाती घेतला, तेव्हा ध्यानात आले, की त्या पोराने नकळत आपल्या सगळ्या क्रीडासमीक्षेवरच बोट ठेवले आहे. दारातला मावळा काही करत नाही असे दिसते; कारण काही होऊ न देणे हेच त्याचे काम असते. आणि जे झालेच नाही, त्याची बखर लिहायची कशी?

फुटबॉलच्या खेळात हा दारातला मावळा म्हणजे बचावपटू. आमच्या लहानपणी त्याला नुसता 'बॅक' म्हणत आणि ज्याला पळता येत नसे, त्याला तेथे उभा करीत. मीही वर्षानुवर्षे बॅकच होतो, हे येथे प्रांजळपणे सांगून टाकतो. गोल करणाऱ्याचे नाव वर्तमानपत्रात छापून येते, गोल वाचवणाऱ्या गोलकीपरचे छायाचित्र येते. पण ज्याने मधल्या मध्ये चेंडू अडवून गोलकीपरला हातसुद्धा उचलू दिला नाही, त्याच्या नावे काय जमा होणार? मुंबईत वांद्र्याला नेव्हिल डिसोझा यांच्या नावाचे मैदान आहे आणि ते सर्वथा योग्यच आहे. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करून त्यांनी भारताला उपांत्य फेरीत नेले. परंतु बचावपटूच्या नावाचे मैदान या शहरात मला तरी आठवत नाही. युरोपातही निराळी तऱ्हा नाही. तेथला 'बॅलन डी'ऑर' हा मानाचा किताब १९५६ पासून दिला जातो. पुरुषांच्या फुटबॉलमध्ये तो मिळालेले बचावपटू बेकेनबाउर, झामर आणि कॅनाव्हारो असे हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच.

असा हा उपेक्षित प्राणी पुढे कोच झाला, तर काय होते? त्याची कारकीर्द कोणत्या मापाने मोजायची? या प्रश्नाचा विचार मला करायचा आहे, आणि त्यासाठी माणूस निवडला आहे तो आपल्या शेजारच्या गोव्याचा, पण ज्याच्या आयुष्यातली मोठी कामगिरी मुंबई-पुण्यात घडली असा: डेरिक परेरा.

परेरा हे गोव्याच्या साळगावकर संघाचे बचावपटू. १९८० च्या दशकातले गोव्याचे फुटबॉल हे मोठे देखणे प्रकरण होते. ब्रह्मानंद संखवाळकर यांच्या नेतृत्वाखाली गोव्याने १९८३-८४ ची संतोष ट्रॉफी एकही गोल न स्वीकारता जिंकली. साळगावकर संघाने १९८८ आणि १९८९ असा लागोपाठ दोन वर्षे फेडरेशन चषक मिळवला. कलकत्त्याच्या बड्या संघांपुढे गोव्याने मान वर काढली ती नुसत्या चपळाईच्या जोरावर नव्हे. आपले घर शाबूत ठेवण्याची कला तेथल्या खेळाडूंनी अंगी बाणवली होती. परेरा या शाळेत वाढले. ते भारताकडूनही खेळले.

खेळणे संपल्यावर ते कोच झाले आणि मुंबईच्या महिंद्रा युनायटेड संघाची सूत्रे त्यांच्याकडे आली. १९६२ साली स्थापन झालेला हा क्लब. गाड्या बनवणाऱ्या कंपनीचा, म्हणून फुटबॉलच्या दुनियेत 'जीपवाले' या नावाने ओळखला जाणारा. त्याआधी त्याने ड्युरँड चषक जिंकला होता, फेडरेशन चषक जिंकला होता. परंतु राष्ट्रीय लीग १९९६ साली सुरू झाल्यापासून तिचे विजेतेपद मुंबईच्या एकाही संघाला मिळाले नव्हते. चषकाच्या स्पर्धेत चार दिवस अंगात वारे शिरले तरी भागते. लीग ही मात्र संसारासारखी असते. तेथे महिनोन् महिने रोजचे दळण दळावे लागते. एखादा दिवस पोळी करपली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तवा ठेवावा लागतो. २००५-०६ च्या मोसमात परेरांच्या संघाने हा संसार निभावला. ईस्ट बंगाल दुसऱ्या क्रमांकावर राहिले आणि राष्ट्रीय लीगचे विजेतेपद प्रथमच मुंबईत आले. २००५ चा फेडरेशन चषकही याच क्लबाकडे होता.

आता येथे मला एक कबुली द्यायची आहे. २००६ सालच्या जून-जुलैत जर्मनीत विश्वचषक स्पर्धा झाली. आमच्या इमारतीत त्या महिन्यात कोणी वेळेवर झोपले असेल तर शपथ! गच्चीत दूरचित्रवाणीचा संच नेऊन आम्ही सामने पाहिले. इटलीच्या कॅनाव्हारोने बर्लिनमध्ये विश्वचषक उचलला, तेव्हा आम्ही उठून टाळ्या वाजवल्या. एक बचावपटू कर्णधार, आणि त्याच्या संघाने सबंध स्पर्धेत अवघे दोन गोल घेतलेले. त्यातलाही एक स्वतःच्याच खेळाडूकडून झालेला आणि दुसरा पेनल्टीचा. बचावाच्या कलेवर मी त्या रात्री गच्चीत मोठे व्याख्यान दिले. आणि त्याच वर्षी, माझ्याच शहरात, एका जुन्या बचावपटूच्या हाताखाली तयार झालेला संघ देशाचा विजेता ठरला होता! कूपरेजचे मैदान घाटकोपरहून किती दूर? लोकलने बोरीबंदर गाठावे आणि तेथून पाय मोकळे करीत जावे, इतकेच. मी त्या मोसमातला एकही सामना पाहिला नाही. बर्लिन मला जवळ वाटले आणि कूपरेज लांब. पुढे जे घडले त्याचा विचार करताना ही गोष्ट मला राहून राहून टोचते.

बचावपटू चांगला कोच होतो असा एक समज आहे. त्याच्या समर्थनार्थ सांगतात, की सेंटर फॉरवर्डच्या पाठीशी अर्धे मैदान असते आणि ते त्याला दिसत नाही. बचावपटूच्या डोळ्यांपुढे मात्र सबंध खेळ उलगडलेला असतो. हे ऐकायला छान वाटते, पण असा नियम बांधण्यात अर्थ नाही. पी. के. बॅनर्जी हे नामांकित आघाडीचे खेळाडू. कोच म्हणूनही कलकत्त्यात त्यांनी जे कमावले ते अपूर्वच होते. तेव्हा बचावपटूच्या डोळ्यात काही जादू असते असे मी म्हणणार नाही. मला महत्त्वाची वाटते ती त्याची सवय. गोल करणाऱ्याला दहा वेळा चुकून एकदा साधले तरी चालते. लोक ते दहा विसरतात. बचावपटूचे दहांत नऊ वेळा बरोबर आले तरी लोकांच्या लक्षात राहते ते दहावे. जो माणूस पंधरा-पंधरा वर्षे असल्या हिशेबात वावरला, तो कोच झाल्यावर आजच्या टाळ्यांवर भाळत नाही. तो पाया पाहतो, भिंत पाहतो, फट कुठे आहे ते पाहतो.

परेरांची पुढची कारकीर्द या दृष्टीने तपासण्याजोगी आहे. २००९ साली ते पुण्यास गेले. पुणे फुटबॉल क्लब हा २००७ साली जन्मलेला, म्हणजे अजून दुधाचे दात न पडलेला संघ. आय-लीगच्या वरच्या श्रेणीत त्याचे ते पहिलेच वर्ष. नवशिक्या संघाने अशा वर्षी खाली घसरू नये एवढीच माफक अपेक्षा असते. परेरांच्या पुण्याने २००९-१० मध्ये तिसरा क्रमांक मिळवला. २०१२-१३ मध्ये तोच संघ चर्चिल ब्रदर्सच्या खालोखाल दुसरा आला. त्यानंतर परेरा आपल्या जुन्या घरी, साळगावकरांकडे, परतले आणि २०१३-१४ च्या मोसमात तो संघ तिसरा आला. पुढे काही काळ पुण्याच्याच डीएसके शिवाजीयन्सची धुराही त्यांनी वाहिली.

एक पहिला क्रमांक, एक दुसरा, दोन तिसरे. कठोर समीक्षक म्हणेल, की विजेतेपद एकच. बाकी सारे 'जवळजवळ'. आणि तो लगेच आर्मांदो कुलासो यांचे उदाहरण पुढे करील. कुलासो यांच्या धेंपो संघाने २००५ ते २०१२ या काळात देशाचे विजेतेपद पाच वेळा मिळवले. परेरा त्या पंक्तीत बसतात काय? आकड्यांच्या पंक्तीत बसत नाहीत, हे मान्य केले पाहिजे. पण कुलासो यांना एक गोष्ट लाभली होती: एकच घर, एकच मालक आणि दशकाहून अधिक काळ. ज्या झाडाला तेवढी वर्षे त्याच अंगणात पाणी मिळाले, त्याच्या फळांची तुलना दर चार वर्षांनी उपटून दुसरीकडे लावलेल्या झाडाशी करताना जरा हात आखडता घ्यावा. अर्थात, परेरा काही ठिकाणांहून स्वतःच उठले, हेही विसरू नये. पुण्याचा डाव रंगात आला असताना ते गोव्यास गेले. आणखी दोन वर्षे तेथे राहते तर? असे 'तर' समीक्षेत मोजता येत नाहीत, पण रुखरुख राहते.

त्याहूनही मोठी रुखरुख निराळीच आहे. परेरांनी जे जे किल्ले राखले, त्यांची आजची यादी करा. महिंद्रा युनायटेड: ते पुण्याला गेले त्याच्या दुसऱ्याच वर्षी, २०१० साली, कंपनीने हा संघ बंद केला, यापुढे शाळकरी मुलांच्या फुटबॉलकडे लक्ष देऊ, असे तिने सांगितले. पुणे एफसी: २०१५ नंतर मैदानात दिसला नाही. साळगावकर: २०१६ साली आय-लीगमधून बाहेर पडला. डीएसके शिवाजीयन्स: २०१७ नंतर नामशेष. एका माणसाच्या कारकिर्दीतले चार बुरूज, आणि चारही या ना त्या प्रकारे ढासळलेले. एकही प्रतिपक्षाच्या गोलाने ढासळला नाही. सारे हिशेबाच्या वहीत ढासळले. गोलपोस्ट राखता येते, पण बचावपटू कितीही कसलेला असला तरी मालकाच्या मेजावर ठेवलेल्या ताळेबंदापुढे त्याचा पाय पोचत नाही.

हे असेच सर्वत्र असते काय? ताडून पाहण्यासाठी क्षणभर कोरियात जाऊ. तेथे होंग म्युंग-बो नावाचा बचावपटू होऊन गेला. 'होऊन गेला' म्हणतो ते खेळाडू म्हणून. माणूस आहे आणि चांगला गाजतो आहे. चार विश्वचषक स्पर्धा खेळलेला हा स्वीपर २००२ साली कोरियाचा कर्णधार होता. स्पेनविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात शेवटची निर्णायक पेनल्टी त्यानेच मारली, आणि आशियातला संघ प्रथमच विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत गेला. त्या स्पर्धेतल्या उत्कृष्ट खेळाडूंत त्याला तिसरे मानांकन मिळाले. बचावपटूच्या वाट्याला इतके कौतुक क्वचितच येते.

कोच झाल्यावर २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्याने कोरियाला कांस्यपदक मिळवून दिले, तेही जपानला २-० असे हरवून. त्या पदकामुळे त्याच्या खेळाडूंना सक्तीच्या लष्करी सेवेतून सूट मिळाली. मग उतरण लागली. २०१४ च्या विश्वचषकात कोरियाला एकही सामना जिंकता आला नाही, अल्जीरियाने तर चार गोल चढवले. संघ मायदेशी उतरला, तेव्हा विमानतळावर लोकांनी त्यांच्या अंगावर चिकट मिठाईच्या वड्या फेकल्या. आपल्याकडे मिठाई म्हणजे मान. तिकडे मात्र 'ती मिठाई खा' असे म्हणणे ही शिवी आहे! होंगने राजीनामा दिला. पण माणूस संपला नाही. आधी चीनमधल्या एका क्लबात, मग देशाच्या फुटबॉल संघटनेच्या कचेरीत काम करून, २०२१ च्या मोसमापासून तो उल्सान या संघाचा कोच झाला. २०२२ साली त्याने उल्सानला सतरा वर्षांनंतर लीग जिंकून दिली, आणि २०२३ साली पुन्हा. २०२४ च्या जुलैत तो भर मोसमात क्लब सोडून दुसऱ्यांदा राष्ट्रीय कोच झाला. त्या नेमणुकीवरून इतका गदारोळ उठला, की प्रकरण त्यांच्या संसदेच्या समितीपुढे गेले. पुढच्या वर्षी कोरियाने २०२६ च्या विश्वचषकाची पात्रता मिळवली. उल्सानचे चाहते त्याच्यावर संतापले ते संतापलेच. परंतु मौज पाहा: किल्लेदार निघून गेला तरी उल्सानने त्या वर्षीची लीगही जिंकली!

या ठिकाणी परेरा आणि होंग यांच्या कारकिर्दी मला शेजारी शेजारी ठेवाव्याशा वाटतात. गुणांची तुलना मला करायची नाही. मला दिसते ती जमीन. उल्सान हाही कंपनीचाच क्लब, जहाजे बांधणाऱ्या ह्युंदाई कंपनीचा. होंग तरुणपणी खेळला तो पोहांगचा क्लबही पोलादाच्या कारखान्याचा. म्हणजे कंपनीच्या पैशाने फुटबॉल चालणे यात काही वावगे नाही. फरक असा, की तिकडच्या लीगने पुढे या कंपनीसंघांना गावाशी बांधून टाकले. क्लबाच्या नावात गावाचे नाव आले, मैदान गावाचे झाले, बापाने पोराला खांद्यावर बसवून सामन्याला न्यायचे असा परिपाठ पडला. उद्या कंपनीच्या मनात आले तरी गावाच्या देखत क्लब मोडणे सोपे राहिले नाही. तेथे माणूस पडतो, पण घर उभे राहते. आपल्याकडे परेरांसारखा माणूस उभा राहिला आणि घरे पडली.

मग दोष कोणाचा? कंपनीला बोल लावणे सोपे आहे आणि दिवाळी अंकात ते शोभूनही दिसेल. पण ज्या संघाच्या विजेतेपदाला माझ्यासारख्या फुटबॉलवेड्याने लोकलचे तिकीट काढले नाही, तो संघ त्या मालकाने कोणासाठी चालवायचा होता? १८९१ साली सुरू झालेला रोव्हर्स चषक याच मुंबईचा. तोही एकविसावे शतक उजाडता उजाडता बंद पडला, आणि आपण त्यासाठी एक दिवसही सुतक पाळले नाही. महिंद्रा युनायटेड बंद पडल्याची बातमी मी चहा पिता पिता वाचली आणि पान उलटले. किल्ला पडतो तेव्हा आत किती माणसे होती हेही विचारले पाहिजे. आत कोणी नव्हतेच.

आता परेरांविषयी शेवटचा निवाडा. त्यांची उतरतीची वर्षेही झाकून ठेवू नयेत. आयएसएलच्या काळात ते एफसी गोवा या संघात पडद्यामागचे काम पाहत होते. २०२१ च्या डिसेंबरात त्या संघाचा परदेशी कोच ऐन मोसमात दुसऱ्या संघाकडे निघून गेला, तेव्हा घर सावरायला कोणाला बोलावले? दारात उभ्या असलेल्या परेरांना. संघ अकरांत नववा आला. ही काही फुशारकी मारण्याजोगी गोष्ट नव्हे. पण दुसऱ्याने अर्ध्यावर टाकलेला डाव हाती घेण्यास जो नकार देत नाही, त्याच्या पदरात असले नववे क्रमांक पडायचेच. विजेत्यांच्या यादीत परेरांचे स्थान लहान आहे. अडचणीच्या वेळी ज्यांच्याकडे लोक वळले, अशांची यादी कोणी केली तर ते बरेच वर येतील. पहिल्या यादीवरून कारकीर्द मोजण्याची आपल्याला सवय आहे. बचावपटूपुरते तरी दुसरीवरून मोजावे, असे माझे मत आहे.

आणि सगळेच काही मातीला मिळाले असेही नाही. ज्यांनी महिंद्रा युनायटेडचा पोशाख अंगावर घातला, त्यांतले खालिद जमील पुढे कोच झाले. २०१६-१७ साली त्यांनी मिझोरमच्या ऐझॉलसारख्या लहान संघाला आय-लीग जिंकून दिली, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये ते भारताच्या राष्ट्रीय संघाचे कोच झाले. किल्ला पडला तरी तेथे शिकलेली माणसे दुसरीकडे जाऊन तट बांधतात.

चाकणच्या फिरंगोजी नरसाळ्याची गोष्ट आपण सर्वांनी शाळेत वाचली आहे. १६६० साली शायिस्तेखानाच्या अफाट फौजेपुढे त्याने ती चिमुकली गढी जवळजवळ दोन महिने झुंजवली. शेवटी गढी पडली. महाराजांनी त्याला बोल लावला नाही. उलट त्याचा मान केला. किल्लेदाराला कसे जोखावे हे ज्या मुलखाने इतक्या आधी जाणले, त्या मुलखात बचावपटूची कदर होऊ नये याचे नवल वाटते.

काल संध्याकाळी त्या चिमुरड्याला मी पुन्हा गाठले. म्हटले, "बाळ, तो दारातला मावळा रात्रभर उभा असतो, म्हणून वरती महाराज निवांत बसतात." त्याला ते पटले की नाही कोण जाणे; पण त्याने वाकून मावळ्याचा भाला सरळ केला आणि त्याच्यापुढे एक पणती ठेवली. भाऊबीज उरकली, की त्याला घेऊन कूपरेजला सामना पाहायला जायचे मी ठरवले आहे. कोणाचा का असेना. बॅक कुठे उभा राहतो ते त्याला दाखवायचे आहे.